इंग्रजी बातम्या रोज वाचता, मग बोलताना अडतं कुठे?

वाचकाचं पत्र : गेले सहा-सात महिने मी रोज इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन बसते. पहिल्या पानापासून सुरुवात करते, अडलेला प्रत्येक शब्द अधोरेखित करते आणि वहीत त्याचा मराठी अर्थ लिहून ठेवते. वहीत आता सहाशेच्या वर शब्द आहेत. शेवटचे काही सांगते : प्रोब, अमिड, आउस्ट, इम्पास, क्रॅकडाउन. पण कामाच्या ठिकाणी कुणी इंग्रजीत साधं काही विचारलं तरी वाक्य जुळत नाही. 'मीटिंग पुढे ढकलली' एवढं सांगायलाही तोंड उघडत नाही. मथळे तर बऱ्याचदा कळतच नाहीत. माझं काय चुकतंय? रोज किती शब्द पाठ करू? टीव्हीवरच्या इंग्रजी चर्चा ऐकल्या तर फायदा होईल का?

उत्तर :

तुम्ही दिलेले ते पाच शब्दच आधी पाहू, कारण दुखणं तिथेच आहे. पाचही शब्दांचे अर्थ तुम्ही बरोबर लिहिले असतील : चौकशी, एखाद्या गोष्टीच्या दरम्यान, पदावरून हटवणं, कोंडी, धडक कारवाई. पण हे शब्द बातमीदाराच्या कामाचे आहेत. उशीर का झाला हे सांगताना इंग्रजी बोलणारा माणूस 'अमिड हेवी ट्रॅफिक' म्हणत नाही. 'बिकॉज ऑफ द ट्रॅफिक' म्हणतो. आणि गंमत अशी, की हे 'बिकॉज ऑफ' त्याच पानावर तुमच्यासमोर होतं. सोपं वाटलं म्हणून त्याच्याखाली रेघ पडली नाही. 'मीटिंग पुढे ढकलली' यासाठी लागणारं 'पुट ऑफ'ही तुमच्या नजरेखालून अनेकदा गेलं असणार. 'पुट' माहीत, 'ऑफ' माहीत, म्हणून नजर पुढे सरकली.

थोडक्यात, तुम्ही अवघड शब्द गोळा करत होता आणि बोलायला लागतात ते ओळखीच्या शब्दांचे जोड. बातमीत हे दोन्ही असतात. निवड बदलली की त्याच वर्तमानपत्रातून बोलण्याचं इंग्रजी मिळायला लागेल.

आता बातमी कुठली घ्यायची ते पाहू. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या मांडणीनुसार इंग्रजीतले सर्वाधिक वापराचे २,००० शब्द, म्हणजे शब्द आणि त्याची रूपं मिळून एक शब्दकुटुंब असं धरलं तर, वर्तमानपत्रातला सुमारे ८० टक्के मजकूर व्यापतात. उरलेल्या २० टक्क्यांत सगळी गोची असते. दर पाचवा शब्द अडला तर वाचन होत नाही, नुसती शोधाशोध होते. कुणाच्या मदतीशिवाय वर्तमानपत्र आरामात वाचायला सुमारे ८,००० शब्दकुटुंबं लागतात, असा त्यांचा २००६ सालचा हिशेब आहे. म्हणजे पहिल्या पानावर अडखळणं हा तुमच्या बुद्धीचा दोष नाही. ते पान शिकणाऱ्यासाठी लिहिलेलंच नसतं.

म्हणून एक चाचणी लावा. बातमीचे पहिले २०० शब्द घ्या, बोटं मोजत वाचा. दहापेक्षा जास्त शब्द अडले तर ती बातमी सोडून द्या, दुसरी घ्या. पाच ते दहा अडले तर ती तुमच्या अभ्यासाची बातमी. दोन-तीनच अडले तर ती नुसती वाचून मजा घ्या, तेही लागतंच.

राजकारण, न्यायालय आणि अग्रलेख पहिले तीन महिने बाजूला ठेवा. 'इंग्रजी सुधारायचं तर अग्रलेख वाच' हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. स्पर्धा परीक्षेच्या निबंधासाठी तो ठीक आहे, पण बोलण्यासाठी निरुपयोगी. अग्रलेखाची भाषा इंग्रज माणूसही जेवताना बोलत नाही. त्याऐवजी हवामान, वाहतूक, वस्तूंच्या किमती आणि आरोग्य या चार विषयांच्या बातम्या धरा. कारण साधं आहे : माणसं एकमेकांशी याच विषयांवर बोलतात. 'इट्स लाइकली टु रेन', 'द ट्रेन वॉज डिलेड बाय टू अवर्स', 'प्राइसेस हॅव गॉन अप अगेन', 'शी इज रिकव्हरिंग वेल' ही वाक्यं बातमीतून उचलून थेट तोंडात ठेवता येतात. खेळाच्या बातम्याही चालतील, फक्त त्यांत मारामारीची क्रियापदं फार असतात. 'थ्रॅश्ड', 'क्रश्ड' वगैरे तिथेच राहू द्या.

नेहमीचं वर्तमानपत्र जड जात असेल तर शिकणाऱ्यांसाठी सोप्या केलेल्या बातम्या मिळतात. ही कल्पना जुनी आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ साली सुमारे १,५०० शब्दांच्या मर्यादेत, नेहमीपेक्षा संथ गतीने वाचलेल्या बातम्या सुरू केल्या होत्या. बीबीसी लर्निंग इंग्लिश चालू बातम्यांच्या मथळ्यांतले शब्द उलगडून सांगतं. ब्रेकिंग न्यूज इंग्लिश या संकेतस्थळावर एकच बातमी सोप्या ते अवघड अशा अनेक पातळ्यांवर आणि वेगवेगळ्या गतीच्या आवाजात मिळते. सोप्या बातमीपासून सुरुवात करण्यात कमीपणा मानू नका. मात्र तिथेच मुक्कामही ठोकू नका. दहापैकी आठ बातम्या दोन-तीनच अडलेल्या शब्दांत वाचून व्हायला लागल्या की पुढची पातळी घ्या.

आणखी एक युक्ती, जी फार कमी लोक वापरतात : तीच बातमी आधी मराठीत वाचा. पूल का बंद केला, कधी उघडणार, कोण काय म्हणालं हे डोक्यात असलं की इंग्रजी बातमीत अर्थ शोधण्याचा ताण राहत नाही आणि सगळं लक्ष भाषेकडे जातं. 'हे असं म्हणतात होय' असं जिथे वाटेल, तीच नोंद करण्याची जागा. यालाच जोडून, एकच घडामोड चार-पाच दिवस धरून ठेवा. रोज नवा विषय घेतला तर रोज नवे शब्द येतात आणि कालचे परत भेटत नाहीत. वादळाची बातमी सोमवारी घेतली तर शुक्रवारपर्यंत इशारा, नुकसान, सुटका, मदत, वीज परत येणं हे सगळं येऊन जातं आणि दहा-पंधरा शब्दजोड आपोआप सहा-सात वेळा समोर येतात. अभ्यासक स्टीफन क्रॅशन अशा एकविषयी वाचनाचा पुरस्कार फार पूर्वीपासून करत आले आहेत.

मथळ्यांबद्दल तुम्ही विचारलंत. मथळे कळत नाहीत कारण ते पूर्ण इंग्रजी नसतात. जागा वाचवण्यासाठी त्यांचं व्याकरण वेगळं चालतं, आणि त्याचे नियम मोजके आहेत. एक, 'अ', 'द' आणि 'इज-आर-वॉज' गाळतात. 'टू इंजर्ड इन फॅक्टरी फायर' म्हणजे दोघांनी कुणाला जखमी केलं नाही, 'टू पीपल वेअर इंजर्ड'. दोन, घडून गेलेली गोष्ट साध्या वर्तमानकाळात लिहितात : 'स्टॉर्म हिट्स कोस्ट' हे वादळ येऊन गेलेलं असतं. तीन, 'टु' आणि क्रियापद म्हणजे भविष्य : 'बँक्स टु क्लोज अर्ली'. चार, स्वल्पविराम हा 'अँड'च्या जागी येतो, आणि एखादा शब्द एकेरी अवतरणात असेल तर तो बातमीदाराचा दावा नसून दुसऱ्या कुणाचा असतो. पाच, नामांची आगगाडी लागली की शेवटच्या डब्यापासून वाचा. 'स्कूल बस क्रॅश रिपोर्ट डिले' यात मुख्य शब्द 'डिले'. कशाचा, तर अहवालाचा. कसला अहवाल, तर शाळेच्या बसच्या अपघाताचा.

यावर मथळ्यांच्या आवडत्या आखूड शब्दांची भर पडते. 'बिड' म्हणजे प्रयत्न, 'व्हाव' म्हणजे ठाम आश्वासन, 'स्लॅम' म्हणजे सडकून टीका, 'ॲक्स' म्हणजे कपात, 'नॉड' म्हणजे मंजुरी, 'टॉल' म्हणजे मृतांचा आकडा, 'की' म्हणजे महत्त्वाचा. भांडणासाठी 'रो' लिहितात, पण त्या अर्थाने उच्चार 'राउ' असा होतो. हे शब्द ओळखता यावेत एवढंच पुरे. ते पाठ करू नका, बोलण्यात तर मुळीच आणू नका. तुमचे 'प्रोब' आणि 'आउस्ट' याच खात्यातले. आणि मथळ्याचं व्याकरण कधीही उतरवून घेऊ नका. 'मॅनेजर टु व्हिजिट टुमॉरो' असं बोललात तर समोरचा गोंधळेल.

आता प्रत्यक्ष एक तुकडा घेऊ. खालची बातमी इथल्यापुरती रचलेली आहे.

'ऑर्गनायझर्स हॅव कॉल्ड ऑफ संडेज मॅरेथॉन बिकॉज ऑफ हेवी रेन. मोअर दॅन ५,००० रनर्स वेअर ड्यू टु टेक पार्ट. अ स्पोक्समन सेड अ न्यू डेट वुड बी अनाउन्स्ड बाय द एंड ऑफ द मंथ. ही डिनाइड इग्नोरिंग अ वेदर वॉर्निंग, बट रिफ्यूज्ड टु से व्हेन इट हॅड अराइव्ह्ड. वन रनर सेड : आय ट्रेन्ड फॉर सिक्स मंथ्स. नोबडी टोल्ड अस एनिथिंग अंटिल लास्ट नाइट.'

तुमच्या जुन्या पद्धतीने यातून 'स्पोक्समन' वहीत गेला असता. नव्या पद्धतीने बघा.

'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेलं रद्द करणं. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं. दोघांची गल्लत केलीत तर लोक मीटिंगला येणार नाहीत, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लिहा. सोबत हेही लिहा, की 'इट' आलं की ते मधे बसतं : 'कॉल इट ऑफ', 'पुट इट ऑफ'. 'कॉल ऑफ इट' होत नाही. बातमीत बहुधा पूर्ण नाम असतं म्हणून ही मधली जागा दिसत नाही आणि बोलताना नेमकी तिथेच चूक होते. म्हणजे तुमचं अडलेलं वाक्य असं झालं : 'वुई हॅव पुट ऑफ द मीटिंग', किंवा कुणी मीटिंगचं विचारलंच असेल तर 'वुई हॅव पुट इट ऑफ'.

'हेवी रेन' ही जोडी. पाऊस इंग्रजीत 'हेवी', वारा मात्र 'स्ट्राँग'. उलट करून चालत नाही. 'वेअर ड्यू टु' म्हणजे ठरलेलं होतं, आणि हे रोजच्या बोलण्यात सर्रास येतं : 'आय ॲम ड्यू टु मीट हर ॲट फाइव्ह'. 'टेक पार्ट'च्या पुढे कार्यक्रमाचं नाव आलं की 'इन' लागतो. बातमीत नाव पुढे नव्हतं म्हणून 'इन' दिसला नाही. शब्दकोशातलं उदाहरण वाचल्याशिवाय नोंद पूर्ण करू नका असं सांगतात ते यासाठी.

मग 'बाय द एंड ऑफ द मंथ' आणि 'अंटिल लास्ट नाइट'. इथे मराठी माणूस हमखास घसरतो, कारण आपल्याकडे दोन्हींना 'पर्यंत' आहे. 'शुक्रवारपर्यंत काम होईल' आणि 'शुक्रवारपर्यंत रस्ता बंद राहील' ही मराठीत सारखी दिसतात. इंग्रजीत पहिल्याला 'बाय', कारण ती मुदत आहे. शुक्रवार किंवा त्याआधी कधीही. दुसऱ्याला 'अंटिल', कारण ती स्थिती त्या दिवसापर्यंत सलग चालू आहे. 'आय विल फिनिश इट अंटिल फ्रायडे' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला काम कधी हातात येणार हेच कळत नाही. वाहतुकीच्या बातम्यांत हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात सापडतात. आठवडाभर फक्त यांचा माग काढलात तरी कायमचं डोक्यात बसेल.

'डिनाइड' आणि 'रिफ्यूज्ड'चंही तसंच. आपण दोन्हीकडे 'नाकारलं' म्हणतो. आरोप नाकारला तर 'डिनाय' आणि पुढे 'आयएनजी'चं रूप : 'ही डिनाइड टेकिंग द मनी'. काम करायला नकार दिला तर 'रिफ्यूज' आणि पुढे 'टू' : 'ही रिफ्यूज्ड टु पे'. बातम्या या क्रियापदांनी भरलेल्या असतात, कारण बातमी म्हणजे निम्मी कोण काय म्हणालं याची नोंद असते. 'सेड' आणि 'टोल्ड'कडेही असंच बघा. 'टोल्ड'च्या पुढे माणूस लागतोच : 'टोल्ड अस', 'टोल्ड रिपोर्टर्स'. 'सेड'च्या पुढे माणूस थेट येत नाही. 'ही सेड मी' ही चूक बातमीत तुम्हाला एकदाही दिसणार नाही, म्हणून तर बातमी चांगली शिक्षक आहे.

आणि शेवटी त्या धावपटूची दोन वाक्यं. सगळ्या बातमीत बोलण्याच्या सर्वांत जवळचं इंग्रजी तिथे आहे. अधिकाऱ्याचं अवतरण इस्त्री केलेलं असतं; प्रवासी, दुकानदार, शेजारी, प्रत्यक्षदर्शी यांचं अवतरण आपण बोलतो तसं असतं. 'वुई वेअर स्टक फॉर थ्री अवर्स', 'आय हॅड नो आयडिया व्हॉट वॉज गोइंग ऑन', 'इट ऑल हॅपन्ड सो फास्ट'. वेळ कमी असेल त्या दिवशी बातमीतली फक्त सामान्य माणसांची अवतरणं वाचा. बाकी सोडलंत तरी फार बिघडत नाही.

मराठीमुळे अडणाऱ्या आणखी दोन जागा सांगून ठेवतो. एक, 'पासून'. 'सोमवारपासून रस्ता बंद आहे' याला 'द रोड हॅज बीन क्लोज्ड सिन्स मंडे'. 'तीन दिवसांपासून बंद आहे' याला 'फॉर थ्री डेज'. सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स', कालावधीची लांबी असेल तर 'फॉर'. दोन्हीकडे 'इज क्लोज्ड' नाही, 'हॅज बीन क्लोज्ड'. दोन, आकडे वाढण्याची भाषा. 'टेंपरेचर्स रोज बाय फाइव्ह डिग्रीज टु थर्टी-एट' या एका वाक्यात सगळं आहे : 'बाय' म्हणजे कितीने, 'टू' म्हणजे कितीवर. जोडीला 'राइज' आणि 'रेज'. किमती आपोआप 'राइज' होतात. कंपनी त्या 'रेज' करते. 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' लावायची सवयही आपल्या 'बद्दल'मधून येते. बातमीत नेहमी 'डिस्कस्ड द प्लॅन' असंच असेल, बघा.

वहीची मांडणी आता बदलायला हवी. इथे आम्ही इंग्रजी देवनागरीत लिहितो आहोत, पण वहीत ते रोमन लिपीतच लिहा. स्पेलिंग डोळ्यांत बसायला हवं. डाव्या बाजूला मराठी वाक्य, उजव्या बाजूला इंग्रजी. सुटा शब्द कुठेही नको. आणि मराठी वाक्य बातमीचं नको, तुमचं हवं. 'कॉल ऑफ'साठी मॅरेथॉन लिहू नका. तुमची रद्द झालेली सहल लिहा, तुमचं पुढे गेलेलं काम लिहा. वाक्य आठ ते बारा शब्दांचं, आणि या आठवड्यात खरोखर म्हणता येईल असं. रचलेलं वाक्य बरोबर आहे की नाही याची शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात त्या जोडाची उदाहरणं बघा आणि त्यातलंच एक घेऊन फक्त नाव, वेळ, वस्तू बदला. नवं वाक्य हवेतून रचण्यापेक्षा हे सुरक्षित.

शब्दकोश मात्र इंग्रजी-मराठी एवढाच नको. शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी-इंग्रजी कोश ऑनलाइन फुकट आहेत. लाँगमनच्या अशा कोशातल्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, आणि ऑक्सफर्डच्या कोशात सर्वाधिक उपयोगाच्या ३,००० शब्दांवर खूण असते. बातमीत अडलेल्या शब्दावर ती खूण नसेल आणि ज्या जोडात तो आला तो तुमच्या बोलण्यात येणारा नसेल, तर निःसंकोच सोडून द्या. भाषांतराचं ॲप अर्थ पटकन सांगतं, पण शब्द कुणासोबत बसतो आणि पुढे कुठलं अव्यय येतं हे सांगत नाही. तुमच्या सहाशे शब्दांची गाडी तिथेच रुतली आहे.

रोज किती? पाच जोड. सहावा कितीही मोहात पाडो, पाचच. आठवड्याचे पाच दिवस धरले तर बारा आठवड्यांत तीनशे होतात, आणि तीनशे जोड खरोखर तोंडात बसले तर रोजचं बरंचसं बोलणं निभावतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवून दिलं, की विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. उजळणी म्हणजे वाचून जाणं नव्हे. उजवी बाजू झाका, मराठी वाचा, इंग्रजी मोठ्याने बोला, मग उघडून बघा. उलट दिशेने, इंग्रजी बघून मराठी आठवलं तर वाचन सुधारतं, बोलणं नाही. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. एखादं वाक्य तीनदा चुकलं तर ते बदला. बहुधा ते लांब किंवा तुमच्या आयुष्यापासून दूर असतं. अंकीसारखं ॲप या तारखा स्वतः सांभाळतं, पण तयार शब्दांचे गठ्ठे त्यात भरू नका.

एका दिवसाचा हिशेब साधारण असा बसतो. मराठी बातमी पाच मिनिटं. इंग्रजी बातमीचे पहिले चार-पाच परिच्छेद न थांबता एकदा, मग पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा, मिळून दहा मिनिटं. चार-पाच परिच्छेदच का, तर बातमी उतरत्या महत्त्वाने लिहिलेली असते. कोण, काय, कुठे, कधी हे वरच येतं आणि खाली जुनी पार्श्वभूमी. पाच वाक्यं लिहायला दहा मिनिटं, कालची आणि जुनी म्हणायला पाच. अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका. दोन तास बसून चौथ्या दिवशी कंटाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

आठवड्यातून एकदा बोलण्याची परीक्षा घ्या. आठवडाभर धरलेली बातमी फोनवर रेकॉर्ड करत दोन मिनिटांत सांगा. लगेच तीच दीड मिनिटात, मग एका मिनिटात. वेळ कमी होत जाते तसं अडखळणं कमी करावंच लागतं, आणि तेच शब्दजोड तीनदा तोंडातून जातात. रेकॉर्डिंग ऐकताना व्याकरण तपासू नका. कुठे थांबलात ते टिपा. जिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलात, तिथे काय म्हणायचं होतं ते मराठीत लिहा आणि पुढच्या आठवड्याच्या बातम्यांत त्याचा जोड शोधा. आता नोंदी वर्तमानपत्र ठरवत नाही, तुम्ही ठरवता.

टीव्हीवरच्या चर्चांबद्दल : नको. चार जण एकदम बोलतात, वाक्यं अर्धवट सुटतात आणि जी पूर्ण होतात ती भांडणाची असतात. त्या लयीत कामाच्या ठिकाणी बोललात तर वेगळाच प्रश्न उभा राहील. दोन ते पाच मिनिटांचं बातमीपत्र घ्या, ज्याचा मजकूर वाचायला मिळतो असं. पहिल्यांदा मजकुराशिवाय ऐका, दुसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून, तिसऱ्यांदा निवेदकाच्या अर्धा सेकंद मागून त्याच्या बरोबरीने बोला. गती जास्त वाटली तर प्लेअरवर ०.७५ करा, त्याखाली गेलात तर उच्चार विरूप होतात. पहिल्या ऐकण्यात जे कानातून निसटतं ते बहुतेक वेळा अवघड शब्द नसतात, 'हॅव बीन', 'वुड हॅव', 'ऑफ द' असे गिळलेले छोटे शब्द असतात. मजकुरात त्यांच्यावर खूण करा आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐका. ऐकण्याचा दुसरा फायदा उच्चाराचा : कर्जासाठीचा 'डेट' लिहिताना त्यात 'बी' असतो आणि आरोप ठेवण्यासाठीच्या 'इन्डाइट'मध्ये 'सी', पण दोन्ही उच्चारात नसतात. नुसतं वाचणाऱ्याच्या तोंडी ते चुकीचे बसतात आणि मग सुटत नाहीत.

राहिली तुमची जुनी वही. ती टाकू नका, चाळा. प्रत्येक शब्दापुढे एकच प्रश्न विचारा : गेल्या महिन्याभरात हा शब्द मला मराठीत तरी वापरावा लागला का? 'इम्पास' बाद होईल, 'क्रॅकडाउन' बाद होईल. सहाशेतले दीडशे उरले तरी पुष्कळ. त्या दीडशेंना रोज दोन याप्रमाणे शब्दकोशातून जोडीदार शोधून द्या, आणि तेवढे दिवस नव्या बातमीतून पाचऐवजी तीनच घ्या.